तिसरा टोला

१

रात्रीची गस्त सगळ्यांना ठाऊक असते. पण आपल्या भागात मे महिन्यात चोराला रात्रीची वाट पाहावी लागत नाही. दुपारची जेवणं झाली की दारं लागतात, कूलर घरघरायला लागतात, आणि भंडारा-पवनी रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा वेळी कोणी शटर वाकवून गोदामातली पोती नेली तरी पाहायला कोण आहे? म्हणून राखणदार पुरवणाऱ्या एजन्सीने उन्हाळ्यापुरती दुपारची गस्त सुरू केली होती. गाडीत दोघंच. चालवायला इश्वर, आणि जागोजागी उतरून कुलपं पाहायला गुलाब.

गुलाबचं वय झालं होतं, पण त्याच्या हाताला कुलपाची ओळख होती. डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, त्याचंच एक टोक हातात घ्यायचं, आणि त्या टोकाने कुलूप धरून एकदा खाली ओढायचं. उघड्या हाताने लोखंड धरायची सोय नव्हती. खताचं गोदाम, ट्रॅक्टरचं शोरूम, बंद पडलेला पेट्रोल पंप, लाकडाची आरामशीन. ओढलं, बसलेलं आहे, पुढे चला.

जिथे आत राखणदार असे तिथे थोडं वेगळं. गुलाब गेटवर काठीने दोन टोले द्यायचा. आतला माणूस हाताशी जे असेल त्याने उलट टोला द्यायचा, कोणी ताट वाजवी, कोणी शिटी मारी. याला ते जवाब म्हणत. जवाब आला की सगळं ठीक. नाही आला की गाडी हलवायची नाही, साहेबांना फोन लावायचा. आणि कधी गेट उघडायची वेळ आलीच, तर आधी टोला द्यायचा, जवाब घ्यायचा, मगच कुलपाला हात लावायचा. आत आपलाच माणूस आहे की त्याला बांधून ठेवून दुसराच कोणी उभा आहे, हे बाहेरून दिसत नाही. हा नियम गुलाबनेच नव्या पोरांना शिकवला होता. "डोयावर भरोसा ठेवू नोको," तो सांगायचा, "कानावर ठेव."

२

गस्तीचं शेवटचं ठिकाण आसगावच्या अलीकडची राइस मिल. उसना, म्हणजे उकडा तांदूळ काढायची जुनी मिल, मागे धान भिजवायचे हौद, त्यावर पत्र्याची शेड, मधे धान वाळवायचं मोठं सिमेंटचं पटांगण आणि पुढे लोखंडी गेट. दोन भागीदारांचं भांडण झालं आणि मिल बंद पडली. दोघांनी गेटला आपापलं कुलूप घातलं. एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही आणि दोघांचा राखणदारावर नाही, म्हणून राखणदार आतच ठेवून बाहेरून दोन्ही कुलपं लावली आणि त्यावर कापड गुंडाळून लाखेचं सील मारलं. गेटच्या एका पल्ल्यात वीतभर खिडकी होती, गज लावलेली. डबा तेवढा जायचा.

तो आतला राखणदार म्हणजे गुलाबचा धाकटा भाऊ, प्रफुल्ल. गुलाबनेच त्याला लावलं होतं. बायको गेल्यापासून गुलाब प्रफुल्लच्याच घरी राहत होता, आसगावात. सकाळी प्रफुल्लची बायको रत्नमाला डबा भरून द्यायची आणि दुपारी गुलाब तो खिडकीतून आत सरकवायचा. घरापासून मिल हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी, पण दोन कुलपं मधे असली की जवळ काय आणि दूर काय.

प्रफुल्ल बसायचा मागे, हौदाच्या शेडमध्ये, कारण सावली तेवढीच. तिथे रुळाचा एक तुकडा तारेने टांगला होता. गुलाबचे दोन टोले गेले की मागून रूळ वाजायचा. दोन टोले, आणि थोडं थांबून तिसरा, अगदी हळू.

हा तिसरा टोला एजन्सीचा नव्हता, तो या दोन भावांचा होता. लहानपणी धानाची राखण करायला बांधीत, म्हणजे शेतात, दोन मचाणं असायची, एकावर गुलाब, दुसऱ्यावर प्रफुल्ल. रानडुकरं येऊ नयेत म्हणून टिनाचे डबे वाजवायचे. गुलाब दोन टोले द्यायचा, प्रफुल्ल दोन द्यायचा, आणि वर एक हळूच. त्या हळू टोल्याचा अर्थ, जागा आहो, दादा. भीत होता बिचारा, पण भितो म्हणून सांगायची लाज वाटायची.

एका दुपारी गुलाबने गेटवर टोले दिले आणि काठी खाली यायच्या आत जवाब आला. दोन टोले. जवळून. गेटच्या पलीकडेच कोणी असावं इतक्या जवळून. गुलाब मागे सरकला. मग पुन्हा दोन टोले आले, या वेळी मागच्या शेडमधून, आणि थांबून तिसरा, हळू.

"दोन डाव वाजवलं तुह्या भावानं," इश्वर गाडीतून म्हणाला. "एक तुले, एक मले."

"पत्र्यावरून आवाज फिरला असन," गुलाब म्हणाला.

३

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल खिडकीशी आला. पटांगण तापलेलं, चपला पायात असूनही तो पाय उचलत उचलत आला. बनियन घामाने अंगाला चिकटलं होतं. डबा घेतला, कालचा डबा दिला. रिकामा डबा तो नेहमी घासून, पुसून, झाकण उपडं ठेवून द्यायचा.

"दादा, एक सांगू? हसू नोको."

"सांग ना."

"तू टोला देते ना, तं माह्या आधी कोणी तरी जवाब देते."

"पत्रा घुमते बाबू. एवढी मोठी शेड."

"पत्रा माह्या नंतर घुमन ना. आधी कसा घुमन?"

गुलाबने खिडकीच्या गजावर बोट फिरवलं.

"ऊन लागलं तुले. कांदा ठेवतं का खिशात?"

"खिशात कांदा, डब्यात कांदा, उशाशी कांदा. मी माणूस आहो का भजं?"

दोघंही हसले. मग प्रफुल्ल हसायचा थांबला आणि त्याने एकदा मागे वळून पटांगणाकडे पाहिलं. पटांगण पांढरं फटक पडलं होतं. तिथे सावली पडायलाही काही नव्हतं.

"मले काढ न दादा इथून," तो म्हणाला. "रागावू नोको. पण काढ."

त्याने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. गुलाब गाडीत येऊन बसला, तरी त्याला ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

भूत-बित गुलाबच्या डोक्यात आलं नाही. त्यांचा बाप छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. तो सांगायचा, आलो त्याच दिवशी घरातले देव आणि घरातली भुतं एकाच टोपल्यात घातली आणि तलावात सोडली. तेव्हापासून त्या घरात कोणी अंगारा लावला नाही, कोणाची दृष्ट काढली नाही. पोरं तापली तर दवाखाना. गुलाबला त्या बापाचा अभिमान होता. त्याने विचार केला तो उन्हाचा. उन्हाने डोकं फिरतं, एकट्या माणसाला आवाज येतात. भावाला बाहेर काढायला पाहिजे, एवढंच खरं.

पण त्यालाही दोन जवाब ऐकू आले होते. आणि तो तर एकटा नव्हता.

४

एजन्सीचे साहेब म्हणजे अमर. पोरगं वाईट नव्हतं. गुलाबला काका म्हणायचं.

"काका, दोघा भागीदारांच्या किल्ल्या एकाच वेळी येतात कुठं? एक म्हणतो आधी त्याची आण, दुसरा म्हणतो आधी याची. जवाब येऊन राहिला ना रोज?"

"येते. जास्तच येते."

"मग झालं तर. जवाब नसता तर मी उठून आलो असतो."

गुलाब रोज बोलला. रत्नमालाही घरी रोज विचारायची, "भाऊजी, काय म्हणाले साहेब?" तिची मुलगी रुचिता पवनीच्या कॉलेजात होती, परीक्षा झाली होती, तिला पेढे वडिलांच्या हातात द्यायचे होते, गजातून नाही. आणि तिकडे मिलमध्ये रोज दोन जवाब येत होते. जवळचा आधी, मागचा नंतर. जवळच्याला तिसरा टोला नसायचा. गुलाब तो मागचा तिसरा टोला ऐकेपर्यंत श्वास धरून उभा राहायचा. पुढे पुढे जवळचा टोला इतका लवकर येऊ लागला की गुलाबची काठी गेटला लागण्याआधीच वाजल्यासारखा वाटे.

शेवटी भागीदारांनी राखणदाराचा पगार वाचवायचं ठरवलं. कॅमेरे बसवायचे, माणूस काढून टाकायचा. या एका गोष्टीवर दोघांचं जमलं.

त्या दुपारी मिलसमोर गर्दी होती. दोघांची दोन माणसं, दोन किल्ल्या, कॅमेरेवाले शिडी घेऊन आलेले, सगळ्यांना उन्हातून लवकर सुटायची घाई. लाख फोडली, कापड सोडलं, एक कुलूप निघालं, दुसरं निघालं. गुलाबही घाईघाईने गाडीतून उतरला होता. काठी गाडीतच राहिली होती.

गेट करकरत उघडलं. प्रफुल्ल समोरच उभा होता. गेटला नाक लावून उभा असावा इतका जवळ. भर उन्हात, अनवाणी.

"चाल," गुलाब म्हणाला आणि त्याने भावाला मिठीत घेतलं. एवढ्या लोकांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

"तुही चप्पल कुठं?"

"राहू दे आत," प्रफुल्ल म्हणाला.

"डबा?"

"राहू दे."

गाडीत इश्वरने पाण्याची बाटली पुढे केली. प्रफुल्लने ती हातात धरली आणि घर येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

५

घरी आनंदीआनंद. रुचिताने पेढा भरवला. रत्नमालाने कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली, नेहमीच्या जागी प्रफुल्ल बसला आणि त्याच्यापुढे वाढलं ते त्याने सगळं खाल्लं. मीठ मागितलं नाही, पाणी मागितलं नाही. बोलणं कमी झालं होतं. विचारलं तर हाव म्हणायचा, कधी हसायचा. हसणं त्याचंच होतं.

"एकटं राहून राहून असं होते," रत्नमाला म्हणाली. "येतील हळूहळू ताळ्यावर."

पण काही दिवसांनी न्हाणीपाशी कपडे धुताना ती गुलाबला म्हणाली, "भाऊजी, एक गंमत पाहा. यांचं बनियन." तिने ते वर धरलं. "तीन दिवस घातलेलं आहे. कोरडं. वासच नाही. एवढ्या उकाड्यात भिंतींना घाम येऊन राहिला, पण यांना येत नाही. माहा साबण वाचला."

ती हसत होती. पण सांगून झाल्यावरही बराच वेळ बनियन हातात धरून बसली.

गुलाबने दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ऊन लागलं की घाम बंद होतो, पाणी पाजा. हे पटण्यासारखं होतं. गुलाब भावाला तांब्या भरून देई. भाऊ तो पिऊन टाकी. अंगण ओलांडताना तो पाय उचलत नसे. दुपारची फरशी तवा झालेली असायची, आणि तो तिच्यावर सावकाश, अनवाणी, पूर्ण पाऊल टेकवत चालायचा.

६

मिल गस्तीतून गेली नव्हती. पुन्हा दोन कुलपं, पुन्हा लाख. आता आत माणूस नाही, तेव्हा टोल्याचं काम नाही. नुसतं कुलूप ओढायचं.

पण हाताची सवय. कुलूप ओढून झालं आणि गुलाबच्या काठीने आपसूक गेटवर दोन टोले दिले. तो स्वतःशीच हसला आणि वळला.

जवळून काही आलं नाही.

मागून, हौदाच्या शेडमधून, रूळ वाजला. दोन टोले. मग थांबून तिसरा, हळू.

गुलाब गेटकडे पाठ करून तसाच उभा राहिला. गाडीच्या काचेतून इश्वर त्याच्याकडे पाहत होता. इश्वरनेही ऐकलं होतं. त्याच्या तोंडाकडे पाहून कळत होतं.

"वारा असन," इश्वर म्हणाला.

झाडाचं पान हलत नव्हतं.

त्या जागी उभा राहून गुलाबला आठवलं की ज्या दिवशी गेट उघडलं त्या दिवशी आपण टोला दिला नव्हता. जवाब घेतला नव्हता. डोळ्यांनी पाहिलं आणि मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी तो बसने अमरसाहेबांकडे भंडाऱ्याला गेला. जाताना इश्वरला गाडीसह मिलवर थांबवलं आणि सांगितलं, मी फोन केला की गेटवर दोन टोले दे.

अमरने फोनवर कॅमेऱ्याचं चित्र काढून दिलं. पटांगण, शेड, हौद, टांगलेला रूळ. कोणी नाही. खाली चपलांचा एक जोड पडलेला, एवढंच.

"पाहा काका. चिटपाखरू नाही."

गुलाबने इश्वरला फोन लावला. "दे."

चित्राला आवाज नव्हता. गुलाब पाहत राहिला. रूळ स्थिर होता. मग एकदम हलला. पुन्हा हलला. थोडं थांबून आणखी एकदा, किंचित. शेडमध्ये कोणी नव्हतं. रूळ झोके घेत राहिला आणि त्याची सावली चपलांवरून जात येत राहिली.

"आला," फोनवर इश्वर म्हणाला. "दादा, मी आता इथं थांबत नाही."

अमरने चित्र मोठं केलं, लहान केलं. "वाऱ्यानं हलतं ते."

"साहेब, गेट उघडा. माहा भाऊ आत आहे."

"कोणता भाऊ?"

"प्रफुल्ल."

"प्रफुल्लभाऊ तर घरी आहेत ना?"

"हाव," गुलाब म्हणाला. "घरी आहे."

अमर हसला नाही. त्याने कूलरची दिशा गुलाबकडे वळवली आणि पाणी मागवलं. "काका, चार दिवस सुट्टी घ्या," तो म्हणाला. "भागीदारांना मी काय सांगू? घरी बसलेल्या माणसासाठी सील तोडा म्हणू?"

गुलाबने पाणी पिऊन ग्लास उपडा ठेवला. त्या पोराच्या बोलण्यात एकही चूक नव्हती.

७

संध्याकाळी अंगणात जेवणं चालली होती. दिवस नुकताच मावळला होता, आभाळ अजून तापलेलं लाल. रत्नमाला आत भाकरी करत होती, रुचिता शेजारी गेली होती. दोघं भाऊच समोरासमोर.

गुलाबच्या बाजूला ज्वारीचा रिकामा टिनाचा डबा होता. त्याने मनाशी बरंच काही ठरवलं, बरंच मोडलं. मग मूठ वळून डब्यावर दोन टोले दिले. लहानपणी देत होता तसे.

प्रफुल्लने घास तोंडात नेता नेता थांबवला. पण डब्याकडे पाहिलं नाही. गुलाबकडेही नाही. त्याने मान वळवली ती मिलच्या बाजूला, आणि कान देऊन बसला. कोणाचा तरी आवाज यायचा आहे आणि तो आपला नव्हे, अशा बेताने.

मग तो म्हणाला, "तो अजून जवाब देते का, दादा?"

आवाज प्रफुल्लचा. दादा म्हणायची तऱ्हाही प्रफुल्लचीच.

"कोण?" गुलाबने विचारलं.

प्रफुल्लने भात कालवला. सावकाश, नीट, चारी बाजूंनी. "थकन आता," तो म्हणाला. "पाणी सरलं असन त्याचं."

आतून रत्नमालाने विचारलं, "भाऊजी, भाकरी आणू?" गुलाबच्या तोंडून हो निघालं की नाही हे त्यालाही आठवत नाही.

८

दुसऱ्या दिवशी गुलाबने रत्नमालाला सांगून दुसरा डबा भरून घेतला. कोणासाठी, असं तिने विचारलं नाही. तिने झाकण लावलं, मग पुन्हा उघडलं, आणि त्यात लोणच्याची एक फोड जास्त ठेवली. प्रफुल्लला लागायची तशी, देठाकडची. डबा देताना तिने गुलाबकडे पाहिलं नाही.

मिलच्या खिडकीत गजांच्या आत जुना डबा ठेवलेला होता. आत राहू दे म्हटलं होतं, तोच. घासलेला, पुसलेला, झाकण उपडं. गुलाबने तो काढून घेतला आणि भरलेला डबा आणि पाण्याची बाटली आत सरकवली. मग गजाला तोंड लावून हाक मारली, "प्रफुल्ल. बाबू, मी आहो."

आत पटांगण पांढरं. डोळे दिपत होते. खिडकीच्या अगदी बाजूला, जिथे भिंतीची थोडीशी सावली होती, तिथून चार बोटं आली. त्यांनी डब्याची कडी धरली. बोटं बारीक झाली होती, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली, आणि थरथरत होती. गुलाबने गजातून हात घातला. त्याच्या बोटांना ओलावा लागला. घाम. मग डबा ओढला गेला आणि सावलीत काही राहिलं नाही.

गुलाबने इकडे तिकडे पाहिलं. रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडाचा फुटका तुकडा पडला होता. त्याने तो उचलला. सारी उमर त्याने कुलपं बसलेली आहेत की नाही एवढंच पाहिलं होतं. आता त्याने दगड कुलपावर घातला. एक. दोन.

आतून रूळ वाजला. दोन टोले, आणि हळू एक.

गुलाबने पुन्हा घातला. दोन घाव बसले की आतला माणूस जवाब देत होता. त्याला वाटत होतं दादा टोले देतो आहे. जागा आहो, दादा. गुलाब रडत दगड घालत होता आणि तो इमानाने जवाब देत होता. दर वेळी तिसरा टोला जरा आणखी हळू. कुलूप चांगल्या पोलादाचं होतं. लाख उडाली, कापड फाटलं, कुलपाला ओरखडे पडले.

इश्वरने मागून त्याला कवेत धरून ओढलं. "दादा, काहून करून राहिला असं? जेल होईन. तो घरी आहे. मी डोयानं पाहिला, सकाळी दारात उभा होता."

"कानानं ऐक ना बे," गुलाब म्हणाला.

इश्वरने ऐकलं. मग दुपट्ट्याने आपले कान बांधले आणि गुलाबला उचलून गाडीत बसवलं. कुलपाच्या ओरखड्यांचं त्याने कोणाला सांगितलं नाही. फाटलेलं कापडही त्यानेच पुन्हा गुंडाळून ठेवलं. त्याच्याकडून जेवढं होत होतं तेवढं त्याने केलं.

त्यानंतर गुलाब रोज डबा नेई. पहिले काही दिवस रिकामा डबा मिळाला, घासलेला. मग नुसता रिकामा, न घासलेला. मग भरलेलाच, जसा ठेवला तसा, वरून मुंग्या लागलेला. जवाब येत होता. आधी दोन टोले आणि तिसरा. मग दोनच. मग गुलाबला जवाबाच्या दोन टोल्यांमध्ये इतकं थांबावं लागे की इश्वर गाडी बंद करून बसे.

आणि एका दुपारी काही आलं नाही.

गुलाबने पुन्हा दोन टोले दिले. काठी बदलून दिले. मुठीने दिले. लोखंडाने हाताची कातडी सोलली. आतल्या पटांगणावर ऊन पडलं होतं, त्याचाही आवाज येईल इतकी शांतता होती. नियम होता, जवाब नाही आला तर गाडी हलवायची नाही, साहेबांना फोन लावायचा. त्याने फोन लावला.

"जवाब नाही आला, साहेब."

"नाही ना?" पलीकडून अमरचा आवाज मोकळा झाला. "चला. मलाही काळजी वाटत होती तुमची. रिकाम्या मिलमधून जवाब नाही म्हणजे सब ठीक, काका. घरी जा आता."

९

घरी पोहोचेपर्यंत ऊन कललं होतं. रत्नमाला अंगणात दोरीवर कपडे टाकत होती. तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता, किती दिवसांनी.

"भाऊजी, पाहा," ती म्हणाली. तिने बनियन पिळलं आणि पाणी धारेने खाली पडलं. "दुपारी झोपले, आणि उठले ते घामानं चिंब. पाणी मागितलं. मीठ मागितलं. मले म्हणाले, लोणचं दे, देठाकडची फोड." ती थांबली. तिला रडू येत होतं. "आले ना ते? आता तं आले ना, भाऊजी?"

गुलाब तिला काय सांगणार? त्याने भरलेला डबा ओसरीवर ठेवला. काठी भिंतीला टेकवायला गेला, पण हात सोललेला होता, धरवलं नाही. काठी निसटली, दगडी पायरीवर आपटली, उसळली आणि पुन्हा आपटली. दोनदा.

आत कोणी तरी ताटावर दोन टोले दिले.

गुलाबने श्वास धरला. नको, तो मनात म्हणाला. एवढं नको.

थोडं थांबून तिसरा आला. हळूच.

रत्नमाला दारातून म्हणाली, "या भाऊजी, हातपाय धुऊन घ्या. तुमच्यासाठी थांबले आहेत जेवायचे."

गुलाबने हातपाय धुतले. मग आत गेला. जायला दुसरं घर नव्हतं.